आठ अर्धी की आठ अख्खी

त्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलं होतं, आणि राहिलं राहिलं म्हणता महिना उलटला. मास्तर दात घासत असोत की वर्तमानपत्र चाळत असोत, ते पत्र मनात कुसळासारखं टोचायचं. पाठवलं होतं एका शाळेतल्या बाईंनी. ओळख ना पाळख. जीवशास्त्राच्या पुस्तकातला पेशीविभाजनाचा धडा मास्तरांनी लिहिलेला, एवढाच काय तो संबंध.

बाईंनी परीक्षेत विचारलं होतं: पेशीत चार गुणसूत्रं आहेत, विभाजनात प्रत्येकाच्या दोन अर्धगुणसूत्रिका एकमेकींपासून सुटल्या, त्या क्षणी पेशीत गुणसूत्रं किती? एका मुलीने लिहिलं, आठ. बाईंनी गुण दिले, मुख्याध्यापकांनी कापले. त्यांचं म्हणणं, पुस्तकातच ‘अर्ध’ छापलंय. आठ अर्धी म्हणजे चार, याला जीवशास्त्र कशाला हवं? महिन्याभराने, म्हणजे आता या शनिवारी, होणाऱ्या बैठकीत बाईंनी सगळ्यांसमोर चूक कबूल करायची, नाहीतर वरचे वर्ग सोडायचे. ‘मी चुकीचं शिकवलं का, एवढंच कळवा,’ असं त्यांनी शेवटी लिहिलं होतं.

उत्तर मास्तरांना ठाऊक होतं. आठच. पण लिहायला बसलं की हात अडायचा. सगळे वापरतात म्हणून ‘अर्धगुणसूत्रिका’ हा शब्द त्यांनीही डोळे झाकून धड्यात घातला होता. आता कोणी विचारलं, जे अर्धं होतं ते सुटताक्षणी अख्खं कसं झालं, तर काय सांगायचं? ते उठायचे, खिडकीपाशी जायचे, परत येऊन बसायचे, पुन्हा उठायचे.

पलंगावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन बसलेल्या त्यांच्या बायकोला ही येरझार असह्य झाली. “बसा तरी, नाहीतर बाहेर तरी जा. बघून बघून मलाच गरगरायला लागलंय.”

मास्तर ओशाळून पलंगाच्या कडेला टेकले. काहीतरी करायला हवं म्हणून ढिगातले मोजे जुळवू लागले. एक उरला. “हा अर्धाच आहे,” ते पुटपुटले.

“अर्धा कुठे? चांगला धडधाकट आहे. जोडी मोडलीय त्याची.”

मास्तर मोजा हातात धरून बसून राहिले. अर्धी होती ती जोडी. मोजा टाचेपासून बोटांपर्यंत पुरा. पेशीसुद्धा विभाजनाआधी प्रत्येक गुणसूत्राची हुबेहूब प्रत करून ठेवते. दोन्ही प्रती एका बिंदूपाशी चिकटलेल्या असतात, तोवर दोघी मिळून एक गुणसूत्र. गुणसूत्रं मोजतात ती या बिंदूंवरून; सुटल्या की प्रत्येकीचा बिंदू वेगळा, म्हणून प्रत्येकीला गुणसूत्रच म्हणायचं. सुटताना नवं काही बनत नाही, फक्त मोजणी बदलते.

ते लिहायला बसले खरे, पण शंका पाठ सोडेना. जोडी म्हटल्यावर मुलांना आईकडचं आणि वडिलांकडचं गुणसूत्र आठवलं तर? ती जोडी निराळी. दिसायला सारखी, आतून वेगळी. मग त्याचा खुलासा आला, खुलाशावर टीप आली. पत्र फुगत गेलं.

बायकोने चष्मा लावून ते वाचलं. धडा तिला कळला नाही, पण दर ओळीतला ‘बहुधा’ तिच्या डोळ्यांत खुपला. शास्त्रात जपून बोलावं लागतं, अशी मास्तरांनी सारवासारव केली.

“अहो, त्या बाईंना हे घेऊन बैठकीत उभं राहायचंय. पहिल्याच ‘बहुधा’ला मुख्याध्यापक त्यांना कोंडीत पकडतील. आठ बहुधा आहेत का?”

“नाही. आठच आहेत.”

“मग?”

मास्तरांनी कोरा कागद घेतला. ‘तुम्ही बरोबर शिकवलंत. उत्तर आठ. प्रत्येक अर्धगुणसूत्रिका ही पूर्ण प्रत असते; अर्धी म्हणायची ती जोडीच्या हिशेबाने. हे माझ्या धड्यात समजावलेलं नाही, ती उणीव माझी.’ इथे पेन थांबलं. बराच वेळ टोपण लावून काढून झाल्यावर त्यांनी पुढे लिहिलं, ‘हे पत्र माझ्या नावानिशी बैठकीत वाचून दाखवावं.’

शनिवारच्या आत पोचावं म्हणून चपला अडकवून ते लगेच निघाले. टपालपेटीच्या फटीत पत्र अर्धवट सरकवलं आणि बोटं सुटेनात. ‘उणीव’ शब्द फार मोठा झाला का? मागे कोणीतरी खाकरलं. “अडकलंय का, काका?”

“नाही, नाही,” मास्तर म्हणाले, आणि त्यांनी पत्र आत ढकललं.