दगडावरचा नंबर

खांडबाऱ्यात जब्बार पेंटरचं नाव नसलेलं दुकान शोधावं लागतं. पाटी किराण्याची असो की दातांच्या दवाखान्याची, खालच्या कोपऱ्यात 'जब्बार आर्ट' आणि मोबाइल नंबर असतोच. नसतो तो फक्त मेलेल्यांच्या दगडांवर. आसपासच्या पाड्यांत माणूस गेला की त्याच्या नावाचा दगड उभा करतात आणि त्यावर सूर्य, चंद्र आणि घोड्यावर बसलेला मयत रंगवून घेतात. मात्र त्या दगडावर जित्या माणसाचं नाव येऊ द्यायचं नाही. जब्बारने हा नियम तीस वर्षं पाळला आणि त्यापायी त्याची मुलगी रिम्शा अडचणीत आली.

रिम्शाला कलेच्या इतिहासात एम. ए. करायचं होतं. अर्जासोबत स्वतः पाहिलेल्या एका कलाकृतीवर निबंध हवा होता. तिने जवळच्या पाड्यातल्या रायसिंगच्या वडिलांचा दगड निवडला. म्हाताऱ्याला आयुष्यभर मोटारसायकलची हौस, ती काही फिटली नाही. म्हणून जब्बारने त्याला घोड्याऐवजी लाल मोटारसायकलवर बसवलं होतं. चंद्र गाडीच्या आरशात काढला होता. कलावंताच्या रकान्यात रिम्शाने लिहिलं, 'जब्बार शेख'.

विभागाचं उत्तर आलं: 'सदर शिळा आमच्या प्राध्यापकांच्या लेखात अनामिक आदिवासी कलावंताची म्हणून नोंदलेली आहे. आपल्या दाव्याचा पुरावा, शक्यतो स्वाक्षरीचे छायाचित्र, सात दिवसांत पाठवावा.'

"सही नाहीये, अब्बा. तसं कळवते."

"एका सहीसाठी पोरीचं ॲडमिशन अडतं का कधी!" असं म्हणून जब्बार डबा-ब्रश घेऊन निघाला. दुपारी त्याच्याकडून दगडाचा फोटो आला. म्हाताऱ्याच्या मागच्या चाकाखाली, पिवळ्या अक्षरांत, काळ्या सावलीसकट: जब्बार आर्ट. खाली दहा आकडे.

रिम्शाने कपाळाला हात लावला. शेवटी फोटो पाठवला, पण सोबत लिहिलं: 'सही आजची आहे, चित्र अठरा वर्षांपूर्वीचं.'

दुसऱ्या दिवशी सकाळी रायसिंग दारात उभा.

"जब्बारभाऊ, मन्हा बापना दगडवर तुन्हं नाव? तू जिता शे ना?"

"पोरना शिक्षणसाठे करं. आत्तेच पुसी देस."

"दगडवरनं नाव कोणी पुसस का? आते दरसाल बापनासंगे तुन्हा बी वाटा. दगडवर मोहानी दारू ओतसू."

"दारू नको रे भाऊ, आमनामा चालत नही."

"मंग चहा."

"बिनसाखरना. मले शुगर शे."

मुलाखत मोबाइलवर झाली. पडद्यावर दगडाचे दोन फोटो शेजारी शेजारी होते, आधीचा आणि नंतरचा. लेखवाल्या प्राध्यापिका बाई कळवळल्या.

"इतकी निरागस कृती, आणि बाजारातल्या पेंटरने तिचं काय केलं पाहा! या माणसाला ओळखता तुम्ही?"

'नाही' म्हणून दावा सोडला की जागा पक्की, एवढं रिम्शाला कळत होतं.

"ओळखते. माझे वडील आहेत. मोटारसायकलही त्यांनीच काढलीय."

बाई मायेने हसल्या. "वडिलांबद्दल असं वाटणं स्वाभाविक आहे."

शेजारच्या सरांना कामाचं सुचलं. "जुन्या रंगाशी हुबेहूब रंग जुळवून ते नाव झाकेल, असा कारागीर मिळेल का तिकडे?"

"मिळेल, सर. नंबर दगडावरच आहे."

यादी लागली. रिम्शाचं नाव सर्वांत शेवटी होतं. प्रकल्पाचा विषय विभागानेच ठरवून दिला होता: 'अनामिक लोककलेचे स्थानिक हस्तक्षेपापासून संरक्षण'. मार्गदर्शक त्याच बाई.

त्याच आठवड्यात जब्बार एका चप्पलच्या दुकानाची पाटी रंगवत होता आणि रिम्शा शिडी धरून उभी होती, तेव्हा फोन वाजला.

"जब्बार आर्ट, बोला... हां, तो दगड. लाल कुठला ते मला माहितीये मॅडम, मीच... बरं, बरं. अगदी जुळवून देतो. पण नाव काढायचं तर रायसिंगभाऊला विचारावं लागेल."

त्याने जरा ऐकून घेतलं.

"नाही, ते मालक-बिलक नाहीत. माझा दरसालचा चहा लागलाय त्यांच्याकडे."