डॅडीचा डाव

"अकरा वाजून दहा मिनिटं झालेलं घड्याळ काढा," असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आणि माझ्या डॅडीने काढलेल्या घड्याळाला काटेच नव्हते. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. रागही येत होता. माणसाची अक्कल काय घड्याळावरून ठरवतात?

चौकोनी खोका मात्र डॅडीने असा झकास काढला की मला तसा जमला नसता. फिरवलेले आकारही पटापट ओळखले. "आकार, कोन त्यांना अजून लख्ख दिसतात," बाई म्हणाल्या. "पण ठरवलेलं डोक्यात धरून ठेवणं सुटत चाललंय. स्कूटर बंद करा." मी पहिलं वाक्य तेवढं कानात साठवलं.

माझी लेक सान्वी रोज आजोबांच्या स्कूटरवरून शाळेतून घरी येते. मध्यंतरी एकदा डॅडीने शाळेसमोरूनच मला फोन केलेला, "टान्या, मी इकडे कशाला आलोय?" मी हसण्यावारी नेलं. आता चावी माझ्या पर्समध्ये होती आणि डॅडी धड जेवत नव्हता, बोलत नव्हता. कुणाची पोर हे बघू शकेल?

म्हणून त्याला घेऊन वर्तकनगरच्या पूल पार्लरमध्ये गेले. तरुणपणी काठीने बॉल टेबलाच्या खिशात घालायच्या या खेळात व्हिक्टरला, म्हणजे माझ्या डॅडीला, हरवणारा अख्ख्या ठाण्यात शोधावा लागायचा. मलाही त्यानेच शिकवलेलं. "जिंकलास तर चावी तुझी," मी म्हटलं. "प्रॉमिस."

"रडशील हां मग," डॅडी म्हणाला. कितीतरी दिवसांनी हसला.

पहिला फटका मारून मी बॉल फोडले. पट्टेवाला एक बॉल खिशात गेला, म्हणजे पट्ट्याचे मोठ्या नंबरांचे बॉल माझे आणि अख्ख्या रंगाचे छोट्या नंबरांचे त्याचे. आपले सगळे संपवायचे, मग शेवटी काळा. त्याआधी काळा पडला की डाव गेला. माझा पुढचा नेम चुकला आणि डॅडी वाकला.

काय सांगू! कडेला आपटून परत येणारा बॉल त्याने न बघितल्यासारखा खिशात घातला. एकामागून एक तीन छोटे गेले. मला एका जागी उभं राहवेना. टेबलाभोवती फिरत मी मनातल्या मनात डॉक्टरीणबाईंना सुनावत होते, या, बघा म्हणावं.

"अंकल, चहा सांगू?" गल्ल्यावरून सुदेशने विचारलं. पार्लर त्याचंच.

"सांग ना. साखर कमी."

डॅडीने काठीच्या टोकाला खडू घासला, वाकला आणि माझा पट्टेवाला बॉल सुरेख कोनातून खिशात घातला.

मस्करी करतोय, मी स्वतःला सांगितलं. लहानपणी छळायचाच असा. पण त्याने मान वर केली नाही. दुसराही माझाच मारला, मग तिसरा. नेम एकही चुकत नव्हता. सुदेशने तोंड उघडलं तेव्हा मी त्याच्याकडे असं बघितलं की तो गल्ल्यातले पैसे मोजायला लागला. थांबवायला हवं होतं, पण त्याला थांबवायचं म्हणजे तो काय विसरलाय ते सगळ्यांसमोर बोलायचं.

एकेक करत पट्ट्याचे सगळे संपले. डॅडीचे स्वतःचे चार छोटे टेबलावर तसेच होते. त्याने लांबच्या खिशाकडे काठी दाखवली आणि काळा बॉल थेट तिथे पाठवला.

बाजूच्या टेबलावरच्या पोरांनी फक्त तो शॉट बघितला. त्यांनी टाळ्या वाजवल्या, एकाने शिट्टी घातली. डॅडीने शर्टाची कॉलर ताठ केली.

"चल, आण चावी. सान्वी वाट बघत असेल."

चारही छोटे बॉल समोर होते. बोट दाखवलं असतं तर त्याला कळलं असतं. आणि कळल्यावर त्याचा चेहरा कसा झाला असता, तेही मला दिसलं.

"नाही देणार," मी म्हटलं.

"जिंकलो ना मी?"

"जिंकलास, डॅडी. मस्त खेळलास."

"मग? प्रॉमिस केलेलंस तू!"

"हो. मोडतेय."

त्याचे डोळे लाल झाले. काठी त्याने टेबलावर आपटली. "माझी पोर असून खोटारडी निघालीस? लाज वाटत नाही?"

"नाही वाटत," मी म्हटलं आणि पर्स घट्ट धरली.