आल्टनरोडेच्या राजांची एकुलती एक प्रत

मी आल्टनरोडेचा इतिहास बोलतोय, कुवेतच्या समुद्राच्या तळातून. चारशे बारा टाइप केलेली पानं, हिरव्या फडक्यात गुंडाळून दगड बांधलेली. मला घाई आहे, कारण शाई सुटू लागली आहे.

आल्टनरोडे हे जर्मनीतलं मध्ययुगीन संस्थान. त्याची सगळी कागदपत्रं महायुद्धात जळाली. ती जळण्याआधी तरुणपणी वाचून टिपणं काढलेले फोल्कमार साहेब पुढे इंजिनिअर म्हणून कुवेतला आले. १९५७ साली तिथल्या मिरकाब भागातल्या फ्लॅटमध्ये त्यांनी त्या जुन्या टिपणवह्या उघडल्या आणि मी जन्मलो. साहेब इंग्रजीत सांगायचे, रत्नागिरीकडचा नूरुद्दीन टाइप करायचा.

माझे राजे काही फार थोर नव्हते. पहिल्या हाइनरिखनं नदीवरचा पूल अडवून राज्य मिळवलं. नातवांनी वाटण्या सुरू केल्या. किल्ल्याचे पाच हिस्से, गिरणीचे सात. शेवटी तर एका विहिरीवरून दोन राजे चार वर्षं भांडले! नूरुद्दीनचं घराणं खोतांचं. टाइप करता करता तो स्वयंपाकी महबूबला हाक मारायचा, "आयकलंस का रं? ह्ये पण आमच्यासारखेच. वाटण्या करून करून सगला घालवलानी!" दोघं पोट धरून हसायचे. मला राग यायचा.

दुसऱ्या प्रतीसाठी कार्बन लावू का, असं नूरुद्दीन रोज विचारायचा. साहेब म्हणायचे, आधी खाडाखोड संपू दे. चार वर्षं हेच चाललं. आपल्यापाशी वेळ आहे असं माणसांना फार वाटतं.

पान तीनशे सहावर शेवटचा राजा कोनराड आहे. त्याच्याकडे पूर्वेकडून आलेला एक झगा होता, काठावर अरबी अक्षरं विणलेली. टाइपरायटरवर अरबी नव्हती. नूरुद्दीननं नमाजाआधी करतात तसा हात-तोंड धुऊन वजू केला, बोरू घेतला आणि सुंदर वळणात ती अक्षरं लिहिली, 'बिस्मिल्ला'.

त्या उन्हाळ्यात नूरुद्दीन रजेवर गावी गेला. साहेब अखेर प्रती काढायला राजी झाले होते, म्हणून येताना तो मुंबईहून कार्बनपेपर आणणार होता. पण आठवड्यानं साहेबांचं हृदय बंद पडलं. मागे कुणीच नव्हतं. ऑफिसातून माणूस आला नि महबूबला म्हणाला, "सब कागज कचरे में डालो. कल चाबी दो."

महबूबला इंग्रजी येत नाही, पण मदरशात अरबी अक्षरं शिकलेला. त्याच्या हातून मी निसटलो तो नेमका तीनशे सहावर उघडलो. "तौबा, तौबा!" म्हणत त्यानं मला डोळ्यांना लावलं, डोक्यावर घेतलं. अल्लाचं नाव असलेला कागद कचऱ्यात टाकत नाहीत, अदबीनं पाण्यात ठंडा करतात. आणखी कुठल्या पानावर नाव असेल, त्याला काय ठाऊक! म्हणून त्यानं मला अख्खंच घेतलं. ज्या कागदांवर नूरुद्दीन एवढा हसायचा ते त्याला हवे असतील, हे महबूबच्या मनातही आलं नाही. ओळखीच्या नाखव्याच्या होडीतून त्यानं मला दोन्ही हातांनी समुद्रात सोडलं. तो रडत होता.

बोरूची शाई आधी विरघळली. ज्या शब्दामुळे मला मान मिळाला, तोच पहिला गेला. काल हाइनरिख पुसला गेला. कोनराड आज टिकणार नाही.

गुरुवारी नूरुद्दीन परतेल, बगलेत कार्बनपेपरचा पुडा घेऊन. महबूब त्याला अभिमानानं सगळं सांगेल. बाबा नूरुद्दीन, त्याच्यावर ओरडू नकोस. माझ्या राजांना डोक्यावर घेणारा तो एकटाच. पण तुला जे आठवतंय ते लगेच लिहून काढ. विहिरीवरून भांडलेले ते दोघे, ज्यांना तू खूप हसलास, त्यांची नावं तरी लिही. मला ती आता वाचता येत नाहीत.