वळवलेला गाडा

वच्छलाबाईने वाटेतला एक धोंडा उचलला आणि गाड्याच्या चाकापुढे नेऊन ठेवला. मग पदर खोचून ती त्या धोंड्याशेजारी मातीतच बसली. पाटलाची बायको, भर वेशीत, अख्ख्या गावासमोर मातीत! गाडा ओढणाऱ्या गड्यांनी हातातले दोर सोडून दिले.

"ऊठ," आप्पाराव पाटील दबक्या आवाजात म्हणाले. "लोकं बघायलेत."

"बघू द्या. गाडा घाटानं खाली जायचा न्हाई."

गाडा म्हणजे तरी केवढा! दोन माणसांनी सहज उचलावा एवढा. पण त्याला दोर बांधून अर्धं गाव ओढायला लागलं होतं. आत शेंदूर फासलेली मरीआईची लाकडी मूर्ती, भोवती कडुलिंबाचे डहाळे, बांगड्या, नारळ आणि मूर्तीला गुंडाळलेली लुगडी. पटकीची साथ ज्या गावात शिरे ते गाव देवीला असं गाड्यात बसवून ओढत नेई आणि पुढच्या गावाच्या शिवेवर सोडून येई. पुढचं गाव तिची पूजा करून तिला तिसऱ्याच्या शिवेवर पोचवी. त्या वर्षी निजामाच्या मुलखात साथीने नुसता कहर मांडला होता. गाव-गाव करत हा गाडा बालाघाटाच्या माळावरून त्या सकाळी करंजघाटाच्या हद्दीत येऊन उभा राहिला होता. दिवस मावळायच्या आत तो पुढे घालवायचा. राहिला तर गाव ओस पडलंच, याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती.

घालवायचा, पण कुठे? करंजघाट डोंगराच्या अगदी काठावर बसलेलं. एका अंगाला माळ, दुसऱ्या अंगाला सरळ तुटलेला कडा. वेशीबाहेर दोन वाटा फुटत. उजवी घाट उतरून दरेवाडीला जाई, डावी माळावरून उंबरमाळला. दरेवाडी जवळची, उताराची. म्हणून गड्यांनी काही न विचारता दोर उजवीकडे ओढले होते. आणि दरेवाडीत वच्छलाबाईची तारा नांदत होती. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. बाळंतपणाला माहेरी आणायचं ठरलं होतं, पण साथ सुरू झाली आणि सासरच्यांनी तिला घाट चढू दिला नाही.

"तुमाला लेक हाय का न्हाई?" ती नवऱ्याला म्हणाली.

आप्पारावांनी पागोटं काढून पुन्हा डोक्यावर ठेवलं. "हाय. म्हून काय गाव येठीला धरू?"

असं म्हणाले खरे, पण चाकापुढचा धोंडा त्यांनी बाजूला केला नाही.

गर्दीतून मनकर्णा पुढे आली. ही धनगराची. मेंढरं घेऊन माळावर निघाली होती, ती गाडा बघून वेशीतच थांबलेली.

"उंबरमाळात माझा भाऊ हाय, पाटलीणबाई," ती म्हणाली. "त्याची लेकरं हायेत."

तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, वच्छलाबाईला भांडता तरी आलं असतं. शरमेने तिच्या कानशिलांना चटके बसले. मनकर्णाचा भाऊ तिला ठाऊक होता. दर दसऱ्याला घोंगडी विकायला यायचा, ओसरीवर बसून ताक पिऊन जायचा. तिने मान खाली घातली, पण जागची हलली नाही.

शेवटी पाटलांनी सटवाला विचारलं. सटवा पोतराज म्हणजे मरीआईचा माणूस. कमरेला खणांचा घागरा, पायात घुंगरं, खांद्यावर कोरडा म्हणजे आसूड. पाटलाकडे न बघता तो देवीकडे बघत बोलला.

"वळवता येतो गाडा. पर आईला सरळ वाटंवरून काढली की ती रुसती. जिच्या सांगण्यावरून वळवायचा, तिनं आपल्या हातानं आईला न्हाऊ घालायचं. अंगावरचं धुऊन पुन्यांदा नेसवायचं. ओटी भरायची. मंग जाईल."

"घालते," वच्छलाबाई म्हणाली. त्याचं बोलणं संपायचीही तिने वाट बघितली नाही.

वेशीच्या मागेच गायमुख होतं. दगडी गाईच्या तोंडातून बाराही महिने पाण्याची धार खालच्या दगडी डोणीत पडे. चैत्र लागला की ती करंगळीएवढी होई, पण आटत नसे. गड्यांनी गाडा तिथे आणून टेकवला आणि पुरुषमाणसं पाठ फिरवून उभी राहिली.

वच्छलाबाईने एकेक लुगडं सोडवलं. ज्या घरात माणूस पडलं त्या घराने आपलं लुगडं देवीला वाहायचं, अशी रीत. काही नवी होती. काही मात्र अंगावरून काढून तशीच वाहिलेली, वाळून कडक झालेली, डागांनी भरलेली. वास उग्र. तिने नाक मुरडलं नाही, देवीचा अपमान नको. ताराची लंगोटी धुवावी तशी ती सगळी लुगडी धारेखालच्या दगडावर घासत, पिळत राहिली. मग तिने मूर्तीला डोणीच्या काठावर बसवून हळद लावली, मळवट भरला आणि तांब्या-तांब्याने न्हाऊ घातलं. बायका येऊन मुठी-मुठी हळदकुंकू वाहून गेल्या. डोणीतलं पाणी लालपिवळं झालं.

"बये, राग धरायचा तर माझ्यावर धर," ती पुटपुटत होती. "पर तिकडं जाऊ नको. माझं लेकरू अवघडलेलं हाय गं."

ओटी भरली. हलगी कडाडली. सटवाने कोरडा स्वतःच्या पाठीवर ओढला आणि गाडा डावीकडे वळला. मनकर्णाने मेंढरं तिथेच टाकली आणि ती गाड्याच्या पुढे, माळ तुडवत, उंबरमाळकडे पळत सुटली. तिच्याकडे बघवेना, म्हणून वच्छलाबाईने तोंड फिरवलं.

माणसं पांगली. ती हात धुवायला पुन्हा गायमुखापाशी आली. मनावरचं ओझं उतरल्यासारखं झालं होतं. वाटलं, आता तारा सुटली.

डोणी भरून पाणी वाहत होतं. कुंकवाचा तवंग दगडी पन्हळीतून सरकत पुढे चालला होता. नवी नवरी म्हणून आली तेव्हापासून ती इथे पाणी भरत होती. पन्हळ बाभळीखालून जाते, बाभळीपासून कड्यापर्यंत, आणि कड्यावरून पाणी खाली पडतं. खाली त्याचाच ओढा होतो. उन्हाळ्यात दरेवाडीला प्यायला दुसरं पाणी नाही.

हे काय तिला ठाऊक नव्हतं? करंजघाटातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण सकाळपासून तिच्या डोक्यात वाटाच होत्या, उजवी नाहीतर डावी. देवीला चाकं होती ना, मग ती वाटेनेच जाणार, एवढं धरून ती बसली होती.

"अगं बया गं," ती म्हणाली आणि हात तोंडाकडे नेला. मग तो ओला आहे हे ध्यानात येऊन तिने तो झटक्याने खाली घेतला.

घरात सांगायला ती थांबली नाही. अनवाणीच घाट उतरली. दगड तापले होते. दोनदा पडली, गुडघा फुटला, बांगड्या वाढल्या.

दरेवाडीच्या शिवेवर बाभळीच्या काट्यांच्या फांद्या आडव्या टाकून वाट बंद केली होती. पलीकडे ताराचा दीर सुग्रीव काठी घेऊन बसला होता. तो धडपडत उठला.

"मावशी, तितंच थांबा. वरच्या गावचं कुणीबी आत घ्यायचं न्हाई. पंचांनी ठरवलंय. माझा इलाज न्हाई."

"न्हाई येत बाबा आत. ताराला बोलीव. पळ."

तारा आली ती एका हाताने कंबर धरून, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. उन्हातून आलेल्या माणसाला पाणी द्यावं, एवढं वळण आईनेच लावलेलं. तोंडावर तेज आलं होतं पोरीच्या. वच्छलाबाईला भडभडून आलं.

"माय! कावून आलीस एवढ्या उनाची? आन् पायाला काय झालं?"

"तारे, वढ्याचं पाणी पिऊ नको. कुनालाच पिऊ दिऊ नको. गावाला सांग."

तारा हसली.

"असं काय बोलायलीस? अगं, वढ्याला आज तीर्थ आलं! कड्यावरून हळदकुंकवाचं पानी उतरलं. समद्या बाया घागरी घिऊन धावल्या. पुजारीबाबा म्हनले, वरल्या आईनं गावावर किरपा केली, आता मरी शिवंच्या आत येत न्हाई. घरोघर भरून ठिवलंय. मला तर सासूबाईंनी आपल्या हातानं पाजलं. एक वंजळ माझ्या नावाची आन् एक पोटातल्याच्या."

सुग्रीवने वर कड्याकडे बघून हात जोडले. "मीबी घेतलं, मावशी. म्हातारीलाबी दिलं."

वच्छलाबाईने तोंड उघडलं. सगळं सांगून टाकायचं होतं. लुगडी, गायमुख, आपले हात. पोरीच्या डोळ्यांत एवढा आनंद होता! प्यालेलं पाणी सांगून परत निघणार नव्हतं. तिने तोंड मिटलं.

"तोंड किती सुकलंय तुझं," तारा म्हणाली आणि तांब्या पुढे करू लागली.

"वहिनी, भांडं लावू नका," सुग्रीव म्हणाला. "वरून वता."

वच्छलाबाई काट्यांशी खाली बसली. फांद्यांच्या मधून तिने दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. काटे मनगटात रुतले. तारा वाकू शकत नव्हती, म्हणून धार उंचावरून पडली. ओंजळीत कुंकवाचे कण तरंगत होते.

ती क्षणभर पाण्याकडे बघत राहिली. मग ओंजळ तोंडाला लावून तिने सगळं पाणी पिऊन टाकलं आणि हात पुन्हा पुढे केले.

"आनखी घाल, बाई," ती म्हणाली.