शेवंतीच्या हॉलचा आवाज

मुलुंडची आमची चाळ पाडली आणि तिथेच टॉवर उभा राहिला. माणसं तीच, पण आता सगळ्यांची दारं बंद. शेवंती, माझी बायको, दुपारभर एकटी बसून कंटाळायची. "बोलाव की कोणाला," म्हटलं की म्हणायची, "काय म्हणान बोलावू?" चाळीत कारण लागत नसे. मला तिचं वाईट वाटायचं आणि रागही यायचा.

त्यात आमच्या चिरंजीवांनी, प्रीतमने, होम थिएटर आणलं. रविवारी सकाळी सोफ्याजवळ कानाच्या उंचीला माइक उभा केला आणि आम्हाला दम दिला, "कोणी बोलायचं नाही. माइक खोली ऐकतोय." माझ्याच घरात मी गप्प! एकेका स्पीकरमधून म्हशीच्या हंबरण्यासारखा सूर निघे आणि शिट्टीइतका बारीक होत जाई. तो ऐकून मोबाइलवरचं ॲप आवाज खोलीला जुळवून देणार होतं. प्रीतमने परत परत करून पाहिलं, तरी सिनेमातली माणसं विहिरीतून बोलल्यासारखीच वाटत होती.

"वाट लागली," तो म्हणाला. "हॉल रिकामा आहे ना, बाबा. आवाज भिंतींवर आपटतोय, ॲप तरी किती सुधारणार? जाड पडदे पाहिजेत, गालिचा पाहिजे, नाहीतर भरपूर माणसं."

शेवंतीने पडदे ऐकलेच नाहीत. चपला न घालता ती बाहेर पडली आणि एकेकाची बेल वाजवत सुटली. "प्रीतमच्या मशिनीक माणसां व्हयी हत!"

शेजारची नीलम कणकेच्या हातांनी आली. समोरचा जयवंत अर्धी दाढी करून, साबणासकट आला. बघता बघता जमिनीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. प्रीतमने तोंडावर बोट ठेवलं. जन्मात कधी गप्प न बसलेला जयवंतसुद्धा श्वास रोखून बसला. स्पीकर हंबरले, शिट्ट्या झाल्या, आणि प्रीतमने सिनेमा लावला. एकेक शब्द स्वच्छ, नायिकेचा हुंदकासुद्धा!

"झकास!" प्रीतम ओरडला. "पण एक आहे. हे सेटिंग एवढी माणसं बसलेली असतील तरच बरोबर."

जयवंत दाढी पुरी करायला उठत होता. शेवंती कमरेवर हात ठेवून त्याच्या वाटेत उभी राहिली. इतक्या खुशीत मी तिला कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

"आयकलात मा सगळ्यांनी? दर रविवारी येवचा लागतला. नायतर मशीन बिघडतला!"