निम्मा आकडा

धाकटीने गोळ्यांची पट्टी काउंटरवर ठेवली आणि कुणाला दिसू नये म्हणून तिच्यावर तळवा दाबून धरला.

सलूनमध्ये तिघेच होते. खुर्चीत तिचे थोरले दीर, एका गालाला फेस लावलेले. बाकावर निवृत्त मास्तर, हातात केशतेलाची नवी बाटली. आणि हातातला वस्तरा विसरून मास्तरांना रक्ततपासणीचं महत्त्व पटवणारा तिचा नवरा. आरशाशेजारी त्याने स्वतःचा रिपोर्ट चिकटवला होता: प्रोस्टेटची तपासणी, आकडा दोन पूर्णांक नऊ, चारच्या आत. थोरल्या भावाला त्याच ग्रंथीचा कर्करोग निघाला, तोही हाडांपर्यंत पोचल्यावर. म्हणून डॉक्टरांनी धाकट्यालाही रक्त द्यायला लावलं होतं. आकडा चांगला आल्यापासून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होता, की एक सुई टोचून घ्यायची, मग झोप कशी राजासारखी लागते.

"झुलप्या, भाषण पुरे," थोरले गुरकावले. "फेस वाळला इथं."

झुलप्या हे त्याचं घरातलं नाव. पन्नाशी उलटली तरी कपाळावर दाट झुलपं रुळायची, आणि त्या झुलपांच्या जोरावरच दुकानातलं तेल खपायचं. ते तेल धाकटी पहाटे अंघोळ उरकून कढवायची. गाळताना तोंडात देवाचं नाव असायचं, कारण लोक विश्वासाने डोक्याला लावतात, तर त्यात आपल्या हातून काही उणं राहू नये, असं तिला वाटे. केमोने केस गेल्यावर दिरांनीही तेच लावायला घेतलं होतं. न चुकता लावत, आणि वास उग्र आहे म्हणून न चुकता कुरकुरत.

सकाळी धुवायला काढलेल्या एप्रनच्या खिशात तिला ती पट्टी सापडली. दिरांची औषधं आणायला गेली, तेव्हा तिने औषधवाल्याला विचारलं. केस गळू नयेत म्हणून घेतात, तो म्हणाला, गुण आहे गोळीला. मग पिशवी बांधता बांधता सहज बोलला, की घरात कुणी प्रोस्टेटची रक्ततपासणी करणार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. या गोळीने आकडा साधारण निम्माच दिसतो.

परतीचा रस्ता तिला दिसलाच नाही.

"अहो, हे काय आहे?" तिने विचारलं. आवाज नेहमीसारखाच हळू.

नवऱ्याने तिच्या बोटांमधून डोकावणारं चकाकतं टोक पाहिलं. "घरी बोलू."

"डॉक्टरांनी विचारलं होतं, काही औषध चालू आहे का. मी शेजारीच बसले होते. तुम्ही नाही म्हणालात."

"अगं, ते आजारावरच्या औषधाचं विचारत होते. ही काय औषधं आहेत?"

मास्तर बाटलीवरचं लेबल फार मन लावून वाचू लागले.

नवरा तिच्या कानाशी वाकला आणि भराभर कुजबुजत राहिला. दोनच वर्षं झाली, आधी तेलच होतं. केस विरळ व्हायला लागले तर तेल कोण घेणार, आणि तेल नाही तर दुकान काय निव्वळ दाढ्यांवर चालणार? तिलाच वाईट वाटेल म्हणून तिला सांगितलं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. त्याच्या शेवटच्या वाक्याला मात्र तिच्या जबड्याचा स्नायू हलला.

"केसाने गळा कापलात माझा," ती म्हणाली. "मी रोज पहाटे काय ढवळत होते, ते आज कळलं. तेही गिळीन मी. पण त्या आकड्याची दुप्पट किती होते, ते सांगा."

नवरा वस्तरा पुसू लागला.

"पाच पूर्णांक आठ," खुर्चीतून आवाज आला.

थोरल्यांनी मान वळवली नव्हती. आरशातून ते भावाकडे बघत होते. तेलाचा विषय त्यांनी काढलाच नाही.

"डॉक्टरला फोन लाव."

"दादा, गिऱ्हाईक बसलंय."

"लाव. नाहीतर मी असाच फेसासकट रस्त्यात उभा राहून लावतो."

त्याने फोन लावला. पहिल्यांदा तो इतकं पुटपुटला, की पलीकडच्यांना काही कळलं नसावं. मग त्याला मोठ्यानं सांगावं लागलं, की केसांच्या गोळ्या घेतो, दोन वर्षं घेतो, आणि हो, विचारलं तेव्हा खोटं बोललो. मास्तरांनी बाटली फळीवर ठेवली, नीट, लेबल पुढे करून. उद्या येतो म्हणाले आणि गेले.

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. फोन ठेवल्यावर त्याने ते तुटक तुटक सांगितलं. डॉक्टर भडकले होते. आकडा दुप्पटच धरायचा. एवढ्यावरून कर्करोग आहे असं होत नाही. वयाने ग्रंथी वाढली, सूज आली, तरी आकडा चढतो. पण सख्ख्या भावाला आहे, तेव्हा हयगय नको. पुन्हा रक्त, मग स्कॅन, आणि त्यात काही दिसलं तर तुकडा काढून तपासायचा.

"म्हणजे असू शकतो," तो म्हणाला आणि मास्तरांच्या जागी बसला.

धाकटीच्या जिभेवर अजून पुष्कळ होतं, सगळं धारेचं. तिने ओठ मिटून घेतले.

"दादा," नवरा म्हणाला, "तुला कळलं, तेव्हा भीती वाटली होती का रे?"

थोरल्यांच्या गालावरचा फेस वाळून पापुद्र्यासारखा तडकला होता. वर्षभर या माणसाने घराला धारेवर धरलं होतं. चहा गार, टॉवेल ओला, दार कुणी आपटलं, मुलं हसली का. घरातले सगळे आजारी माणूस म्हणून सोडून द्यायचे. धाकटीही सोडून द्यायची, पण मनात चार शब्द सुनावून.

"हे मला कुणी विचारलं नव्हतं," थोरले म्हणाले.

रस्त्यावरून एक गाडी गेली आणि आरसा थरथरला. धाकटीचा राग अजून जागच्या जागी होता. तिने स्टूल ओढलं आणि ती दिरांच्या समोर जाऊन बसली.

"सांगा, भाऊजी," ती म्हणाली.