अडकलेले हात

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि माझं डोकं सध्या फिरलेलं आहे. आपली कहाणी सांगणाऱ्यानं शांतपणे जन्मापासून सुरुवात करावी अशी रीत आहे. ती मी पाळतो, पण मधेच आवाज चढला तर समजून घ्या.

समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. नैरोबीच्या एका कचेरीत मी आठ वर्षं पत्रं लिहिली. तेव्हा माझं कौतुक होतं. मला सुरू करण्याआधी बाई हात पुसून येत. मग नवे, सडपातळ संगणक आले आणि माझी रवानगी वेबुये गावातल्या एका सायबर कॅफेत झाली. तिथं मी पोरांना परीक्षांचे निकाल दाखवले, नापासांच्या शिव्या खाल्ल्या. कॅफेच्या मालकाला दुकानासाठी दार हवं होतं. वान्योन्यी सुतारानं त्याला म्वुलेच्या लाकडाचं भक्कम दार करून दिलं आणि बदल्यात मला घरी नेलं. माझी किंमत एक दार. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, कारण दार खरंच सुंदर होतं.

वान्योन्यीला जन्मापासून ऐकू येत नाही. तो हातांनी बोलतो. लहानपणी मिशनच्या शाळेत दोन वर्षं गेला, तिथं हातांची भाषा शिकला, आणि वाचणं शिकण्याआधीच शाळा सुटली. त्याची बायको नाखुमिचा ऐकते, बोलते, आणि सतत विणत असते. या घरात प्रत्येक वस्तूच्या अंगावर क्रोशाचा रुमाल आहे. कोचाच्या पाठीवर, हातांवर, रेडिओवर, पाण्याच्या मडक्यावर. उघडी वस्तू म्हणजे बेवारस वस्तू, असं नाखुमिचा मानते. मी आलो त्याच आठवड्यात माझ्या डब्यालाही पांढरा रुमाल मिळाला. खोटं कशाला बोलू, तेव्हा मी सुखावलो होतो.

त्यांची एकुलती मुलगी नेलिमा मोंबासाला एका हॉटेलच्या धोबीखान्यात काम करते. तिला ऐकू येतं. आईशी ती फोनवर बोलते. बापाशी बोलायचं तर ती फोन समोर ठेवून हातांनी बोलते आणि तो व्हिडिओ पाठवते. फोनच्या टीचभर पडद्यावर वान्योन्यीला नीट दिसत नाही, डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय. म्हणून नाखुमिचा वायर जोडून व्हिडिओ माझ्यात उतरवते आणि तो माझ्या मोठ्या पडद्यासमोर स्टूल ओढून बसतो. म्हणजे त्या घरातलं बाप-लेकीचं बोलणं माझ्या पोटातून जात होतं. एवढी मोठी जबाबदारी मला नैरोबीतही कोणी दिली नव्हती.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग मी अडखळू लागलो. सुरुवातीची दहा मिनिटं ठीक. नंतर चित्र थांबे, पुढे उडी मारी, पुन्हा थांबे. आवाज मात्र सुरळीत चालू राही. तुम्हाला वाटेल, थोडंसं चित्र अडकलं तर काय बिघडलं? ज्याचे शब्दच हात आहेत त्याला विचारा. हात हवेत अडकला की शब्द अर्धवट राहतो, आणि चित्र उडी मारून पुढे गेलं की मधली तीन वाक्यं बुडतात.

आणि नेमका तेव्हाच तो व्हिडिओ आला.

नेलिमाला मागणी आली होती. मुलाकडची मंडळी तीन आठवड्यांनी, शनिवारी बोलणी करायला, म्हणजे मुलीच्या घरी किती गाई द्यायच्या ते ठरवायला, येणार होती. वान्योन्यीनं लेकीचा व्हिडिओ लावला. लांबलचक होता, आणि सुरुवातीला ती नुसती आठवणी काढत होती. मुद्द्यावर आली आणि मी गचके खाऊ लागलो. "बाबा, शनिवारी..." हात थांबले. "काका..." पुन्हा थांबले. एकदम तिचे डोळे पुसणं दिसलं. मग "तुम्ही हो म्हणालात तरच..." आणि पडदा गोठला.

वान्योन्यी स्टुलावरून पुढे सरकला. लेक का रडते? तिला हे लग्न नको आहे का? त्यानं पुन्हा लावला. पुन्हा तेच. त्यानं माझ्या टेबलावर मूठ आपटली.

नाखुमिचानं मोंबासाला फोन लावला. "काय गं, काय म्हणतेस त्यात? मला सांग, मी त्यांना सांगते."

"आई, तुला सांगितलं की तासाभरात काकांना कळणार."

"मी कुणाला सांगते?"

"मागच्या वेळी माझ्या तापाची बातमी कोंबड्या विकणाऱ्या बाईनं मला फोन करून विचारली. हे माझं बाबांशी बोलणं आहे. त्यांनीच बघायचं आणि त्यांनीच काकांच्या कानावर घालायचं, मंडळी यायच्या आदल्या शुक्रवारच्या आत. मी व्हिडिओ पुन्हा पाठवते, फाइल हलकी करून."

हलका होऊन आला, लांबी तीच. मी हलक्यालाही अडकलो. चूक व्हिडिओची नव्हतीच!

वान्योन्यीचा थोरला भाऊ सिमियु, म्हणजे तेच काका, दारात डोकावला. घरातली सगळी बोलणी आजवर तोच करत आलेला. "कशाला जीव काढता? त्या दिवशी मी आहे ना बोलायला. हा बसेल शेजारी, मान हलवेल. नेहमीसारखं." माणूस वाईट नाही. धाकट्याला त्रास नको म्हणून तीस वर्षं त्याच्या वतीनं बोलतोय.

मग आला बरासा, बाजारातला फोन दुरुस्त करणारा. वासरात लंगडी गाय शहाणी, तसा तो गावात संगणकाचा डॉक्टर. त्यानं व्हिडिओ लावून कान दिला. "काकू, आवाज तर ठणठणीत येतोय की! मग अडलं कुठं?"

आवाज! त्यात होता फक्त समुद्रावरचा वारा आणि धोबीखान्याचं यंत्र. नेलिमा तर ओठही हलवत नव्हती.

"अरे गाढवा," नाखुमिचा म्हणाली, "ते कान लावतात का व्हिडिओला?"

बरासानं मला दुकानात नेलं. एक बाजू उघडून ठेवली, स्मरणशक्तीची एक पट्टी वाढवली, चालू राहिलेले फालतू प्रोग्रॅम बंद केले, व्हिडिओ दाखवणारा हलका प्रोग्रॅम घातला. आणि मित्रांनो, मी पळालो! दोन तास एकही गचका नाही. एक लांबलचक सिनेमा त्यानं चहा पीत माझ्यावर पाहिला. मग बाजू बंद करून मला घरी आणलं.

घरी नाखुमिचानं मला रुमाल घातला. दहाव्या मिनिटाला मी अडकलो.

"फसवलंस आम्हाला!" नाखुमिचा कडाडली.

"काकू, देवाशपथ, माझ्याकडे घोड्यासारखा धावत होता. तुमच्या घरातली वीजच खराब."

बरासानं पुन्हा मला नेलं, मी पुन्हा धावलो. पुन्हा आणलं, पुन्हा अडकलो. तिसऱ्यांदा त्यानं हात जोडले. आणि बाजारातल्या दुकानात, चारचौघांसमोर लेकीचं रडणं बघायला वान्योन्यी काही जाणार नव्हता. दुखणं माझ्या श्वासात होतं आणि औषध चाललं होतं विजेला. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. माझ्या पाठीला आणि बाजूला जाळ्या आहेत, तिथून मी हवा घेतो. त्या जाळ्या अंगणातल्या करवतीच्या भुश्यानं बुजल्या होत्या आणि उरलेल्या भोकांवर रुमाल होता. आतून तापलो की जळून जाऊ नये म्हणून मी कामाचा वेग कमी करतो, आणि व्हिडिओला तर वेगच लागतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. पण मला तोंड कुठं आहे? मी फक्त अडकू शकत होतो. तेवढंच माझं बोलणं होतं आणि ते कुणालाच कळत नव्हतं.

उलट पाहुणे येणार म्हणून नाखुमिचानं माझ्यासाठी नवा रुमाल विणला. दुहेरी धाग्याचा, झालरीचा. खळ घालून कडक केलेला. मला वाटलं, संपलो आता.

त्या शनिवारआधीचा गुरुवार उजाडला. वान्योन्यी सकाळी पुन्हा माझ्यासमोर बसला. लेकीचे हात पुन्हा थांबले. या वेळी त्यानं मूठ आपटली नाही. दमला होता बिचारा. त्यानं आपला रुंद तळवा माझ्यावर टेकवला, थकलेल्या बैलाच्या पाठीवर टेकवावा तसा. आणि चटकन उचलला. मग पुन्हा ठेवला, या वेळी रुमालाखालून, आणि डोळे मिटले.

यंत्राचा आवाज त्याला कधीच ऐकू आलेला नाही. यंत्रं तो हातानं ओळखतो. पातं बोथट झालं, लाकडात गाठ आली, सगळं तळव्याला कळतं. माझा पंखा आत जिवाच्या आकांतानं फिरत होता. त्याला ते कळलं. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा कुणीतरी ऐकलं!

त्यानं रुमाल ओढून काढला.

"अहो, हे काय?" नाखुमिचा धावली, मग तोच प्रश्न हातांनी केला. "एवढी माणसं येणार आणि हा असा उघडानागडा?"

"याला धाप लागलीय," त्यानं खुणेनं सांगितलं. मग वायर काढून मला अंगणात नेलं, पण करवतीपासून लांब. रंध्याचा भुसा झाडायच्या कुंच्यानं जाळ्या साफ केल्या. मूठमूठ भुसा निघाला. ते बघून वान्योन्यी ओशाळला आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. निम्मा दोष माझा, असं. नाखुमिचा कडक रुमाल हातात घेऊन उभी होती. "मी तर मायेनंच घालत होते हो," ती पुटपुटली. तिला खरंच वाईट वाटलं होतं.

मला आत आणलं, उघडंच ठेवलं, व्हिडिओ लावला. दहा मिनिटं झाली. अकरावं गेलं. नेलिमाचे हात वाहतच राहिले.

"बाबा, शनिवारी काका तुमच्या वतीनं बोलतील आणि तुम्ही मान हलवाल. लहानपणापासून मी तेच बघत आले, मला आता बघवत नाही. माझ्या लग्नाचं तुम्ही बोला. तुमचे हात आणि माझा आवाज. मुलीनं आतल्या खोलीत बसायचं असतं, माहीत आहे मला. तुम्ही हो म्हणालात तरच मी बाहेर येईन."

वान्योन्यीनं तो तीनदा पाहिला. नाखुमिचानंही मागे उभं राहून पाहिला, आणि या वेळी ती कोंबड्या विकणाऱ्या बाईकडे गेली नाही. नवऱ्याबरोबर सरळ दिराकडे गेली आणि नवऱ्याचे हात म्हणाले ते तिनं बोलून दाखवलं. सिमियु तिच्या मागोमाग तणतणत आमच्या घरी आला.

"मुलगी बाहेर बसून बोलणार? आपल्यात असं कुठं असतं?"

"आपल्यात तुम्ही आहात तसे हेही आहेत, दादा," नाखुमिचा म्हणाली.

सिमियुनं भावाकडे, मग माझ्या पडद्याकडे पाहिलं. शेवटी म्हणाला, "बघा बाबा. लोक हसले तर मला सांगू नका."

शनिवारी मंडळी आली. सिमियु हाताची घडी घालून बसला. मोंबासाहून आलेली नेलिमा आतल्या खोलीतून बाहेर आली आणि बापाच्या खुर्चीशेजारी उभी राहिली तेव्हा पाहुण्यांत कुजबुज झाली. वान्योन्यीनं हात उचलले. नेलिमानं आवाज दिला, "गाईंचं नंतर बघू. माझा पहिला प्रश्न मुलाला आहे. माझ्या घरी आलास तर माझ्याशी कसं बोलशील?"

मुलाचं नाव म्वाकियो. त्याच्या काकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण म्वाकियोनं त्यांना थांबवलं. त्यानं स्वतःचे हात वर केले.

"मी..." हात थांबले. "तुमची..." बोटं चुकली, पुन्हा लावली. "भाषा..." हात हवेत अडकले. कपाळावर घाम आला. नेलिमा मदतीला पुढे झाली, तिला वान्योन्यीनं नजरेनंच मागे सारलं.

मित्रांनो, मला राग आला, सरळ सांगतो. अडकलेल्या हातांसाठी याच माणसानं तीन आठवडे माझ्या टेबलावर मुठी आपटल्या होत्या. एवढा धीर त्याच्यापाशी होता तर माझ्या वाट्याला का आला नाही? तुमच्या घरात एखादं जुनं यंत्र अडखळत असेल तर त्याला शिव्या घालण्याआधी, नटवण्याआधी, एकदा हात लावून बघा. ते कामचुकार नसतं. त्याला काहीतरी सांगायचं असतं.

म्वाकियोचे हात अजून हवेतच होते. तीस वर्षं नुसती मान हलवणाऱ्या वान्योन्यीनं त्याच्याकडे पाहिलं, आपले दोन्ही तळवे हळूहळू खाली आणले आणि खूण केली, "सावकाश."